चकाकीचे मुद्दल
मोटारीचा रंग उजळताना तो झिजू नये यासाठी

विदर्भात चांदी म्हटली की खामगावचे नाव निघतेच. ‘रजतनगरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावातून लग्नकार्यातील ताट-वाटी, देवघरातील निरांजन आणि तान्हुल्याचे वाळे आणण्याची रीत कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा एखाद्या घरातील आजेसासूबाईंचे ताट हातात घेऊन पाहावे. काठाजवळ कोरलेले नाव पुसट झालेले दिसते. ते कोणी मुद्दाम खोडलेले नसते. दर दिवाळीला ताट राखेने, रांगोळीने, चिंचेने घासले गेले आणि त्या घासण्यातच नाव कणाकणाने गेले. चांदी उजळली म्हणजे तिच्यावर नवे काही चढले असे नव्हे. काळवंडलेला थर निघाला आणि त्याबरोबर थोडी चांदीही निघाली. ताट भरीव होते म्हणून ते टिकले. मुलाम्याचे भांडे असेच घासले असते, तर काही वर्षांत पितळ उघडे पडले असते.

दारात उभ्या असलेल्या मोटारीचा रंग हा भरीव चांदीसारखा नाही, मुलाम्यासारखा आहे. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, तर मोटार कशी धुवावी, पॉलिश केव्हा करावे, मेण कोणते लावावे, या पुढच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

दसरा-दिवाळीच्या आधी मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली, मेहकर अशा गावांतील वॉशिंग सेंटरवर मोटारींची रांग लागते. धुलाईबरोबर ‘रबिंग-पॉलिश’ही करून घेतले जाते. चक्र फिरते, पांढरी पेस्ट उडते आणि तासाभरात गाडी आरशासारखी होते. घरातील मंडळी आनंदतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. चौथ्या-पाचव्या वर्षी बॉनेटच्या कडेला किंवा दरवाजाच्या उंचवट्यावर एक फिकट, निस्तेज पट्टा दिसू लागतो. तो धुऊन जात नाही आणि पॉलिशने आणखी वाढतो. दहा-बारा वर्षांच्या बचतीतून घेतलेल्या वस्तूला हौसेपोटी, आपल्याच हाताने लागलेली ही झीज असते.

केसाहून पातळ कवच

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पहिला गंजरोधक थर. पत्रा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर संपूर्ण रंगकाम दीड-दोन केसांइतके झाले. त्यातील पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाहूनही पातळ.

मोटारीची चकाकी या पारदर्शक थराची असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणाराही हाच थर असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. थर पातळ झाला की रंग विटू लागतो आणि थराचे पापुद्रे सुटू लागतात. पॅड, पेस्ट व हाताचा दाब यांनुसार यंत्राने केलेल्या एका रबिंगमध्ये एकापासून चार-पाच मायक्रॉनपर्यंत थर निघू शकतो. मोटारीच्या सबंध आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा अधिक थर काढू नये, असे जाणकार मानतात. दर दिवाळीला जोरकस रबिंग केल्यास हे मुद्दल किती वर्षे पुरेल, याचा हिशेब व्यापारी घरात कोणालाही तोंडी करता येईल.

‘पूर्वी तर आम्ही दर महिन्याला पॉलिश करत होतो’ असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेही खोटे नाही. १९२०च्या दशकात ड्यूपाँ व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग प्रचारात आणला. आपल्याकडे सुतार व रंगारी फवाऱ्याच्या रंगकामाला आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते त्यावरूनच. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात रंगावर वेगळे पारदर्शक कवच नसे. वरपासून खालपर्यंत रंगच असे. तो उन्हाने खडूसारखा पांढुरका होई आणि पॉलिश केल्यावर फडक्याला गाडीचाच रंग लागे. त्या रंगाला वारंवार घासणे भागच होते. गाड्यांचा रंग बदलला, सवय मात्र तीच राहिली.

ओरखडे येतात कोठून?

संध्याकाळी दिव्याखाली काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीकडे पाहिले, तर प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. त्या खरोखर गोलाकार नसतात. पृष्ठभागावर सर्व दिशांनी सूक्ष्म ओरखडे असतात. त्यांतील जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसते. अपघातातून आलेले ओरखडे यांत थोडेच असतात. बहुतेक सारे रोजच्या ‘स्वच्छते’तून आलेले असतात.

सकाळी कोरडे फडके घेऊन गाडीवरची धूळ झटकणे ही आपल्याकडची सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक पद्धत होय. रस्त्याच्या कडेची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात खडीच्या काळ्या दगडाची बारीक कच असते, शेतातून उडालेले चुनखडीचे कण असतात, वाळूचे स्फटिक असतात. पारदर्शक थरापेक्षा ते कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याखाली हे कण फिरले की फडक्याचा पॉलिश-पेपर होतो. वॉशिंग सेंटरवर एकाच स्पंजाने आधी चाके आणि मग बॉनेट पुसले, तरी परिणाम हाच. अशा रीतीने वर्षभर ओरखडे पाडायचे आणि दिवाळीला रबिंग करून ते काढायचे, हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा आहे.

घाटाखालचे पाणी

बुलढाणा जिल्ह्यात बोलताना सहज ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे म्हटले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा. मोटारीच्या रंगाला दोन्हीकडे वेगवेगळी पीडा आहे.

घाटाखाली मुख्य अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील कित्येक गावांत विहिरी-बोअरचे पाणी खारट लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. खारपाणपट्ट्यातील अनेक विहिरींचे पाणी ही दुसरी मर्यादाही ओलांडते. माणसाच्या आरोग्याचा प्रश्न अर्थातच याहून फार मोठा आहे. परंतु तेच पाणी गाडीवर उन्हात वाळले, तर तेथेही आपली खूण ठेवते.

पाणी आटले की क्षार उरतो, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. उल्कापातातून निर्माण झालेल्या लोणार सरोवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची नाही. हजारो वर्षे पाणी वाफेने उडत राहिले आणि क्षार साचत राहिला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पांढरी खपली दिसते. बॉनेटवर वाळणाऱ्या प्रत्येक थेंबाचे असेच चिमुकले लोणार होते. कडेने पांढरी रेघ उमटते. वेळीच पुसली तर ती जाते. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर वारंवार तसेच झाले, तर डाग पारदर्शक थरात उतरतो आणि मग घासण्यावाचून इलाज राहत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. गाडी उन्हात कधीच धुऊ नये. पत्र्याला हात लावल्यावर तो गार लागला पाहिजे. एका वेळी सगळी गाडी भिजवून ठेवू नये. एकेक भाग धुऊन लगेच टिपून घ्यावा. शेवटचे खळखळणे तरी गोड्या पाण्याने करावे. पावसाळ्यात छपरावरून साठवलेले पाणी यासाठी उत्तम. इतर दिवसांत अर्धी बादली शुद्ध पाणी पुरते. काटकसर म्हणून घरातील आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडीसाठी साठवण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, पण जागा चुकीची. गाळून काढलेले सारे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे, मोटारीला नव्हे. पांढरे डाग ताजे असतील, तर साधे पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून ओल्या कापडाने हलके टिपावे आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे.

घाटावरची धूळ, ‘समृद्धी’वरचे कीटक

घाटावर पाण्याचा त्रास तुलनेने कमी, पण मेहकर व सिंदखेड राजाच्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. वेगाने जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागावर बारीक खडे आदळतात आणि कीटकही चिरडतात. खड्याने उडालेला टवका पॉलिशने कधीच भरत नाही. तेथे त्याच रंगाचा टचअपचा थेंब लावून पत्रा झाकावा, नाहीतर गंज धरतो.

कीटकांचे अवशेष आम्लयुक्त असतात आणि उन्हात घट्ट चिकटतात. ते नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नयेत. ओले फडके दहा मिनिटे त्यावर अंथरून ठेवले की ते भिजून सुटतात. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. ती दिसताच भिजवून उचलावी. मात्र याहून चांगला उपाय मुळाशी आहे. पावसाळ्यात दिवेलागणीनंतर दिव्यांच्या झोताकडे कीटक झेपावतात. चातुर्मासात दर्शनासाठी होणारे प्रवास सूर्योदयानंतर सुरू करून सूर्यास्ताच्या आत आटोपले आणि वेग थोडा आवरला, तर रंग वाचतोच. त्याहून मोलाचे म्हणजे कित्येक जीव वाचतात.

आधी धुणे, मग पाहणे

पॉलिशचा विचार करण्यापूर्वी गाडी नीट धुतली पाहिजे. दोन बादल्या घ्याव्यात, एक शांपूच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्याची. प्रथम नुसत्या पाण्याने सुटी धूळ उतरवावी. मग टपापासून खाली येत मायक्रोफायबरच्या मऊ हातमोज्याने, दाब न देता, सरळ रेषेत धुवावे. प्रत्येक भागानंतर हातमोजा दुसऱ्या बादलीत खळबळावा. दरवाजांचे खालचे भाग शेवटी धुवावेत आणि चाकांचे फडके अगदी वेगळे ठेवावे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. ते तुपाचा चिकटा काढण्यासाठी असतात, गाडीवरचे मेणही काढून टाकतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत नळीने गाडी धुणे शोभणारेही नाही. शिस्तीने केले तर तीस लिटरच्या आत काम होते.

गाडी वाळल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे पत्र्यावरून फिरवावीत. खरखर लागली, तर धुण्याने न निघणारे कण रंगाला चिकटले आहेत असे समजावे. ते काढण्यासाठी मोटारीची ‘क्ले’ मिळते. ही मऊ मातीसारखी वडी भरपूर शांपू-पाणी शिंपडून अलगद फिरवतात. ती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी. चिकटलेली कच पुन्हा गाडीवर फिरेल.

मग मोबाईलच्या उजेडात ओरखडे पाहावेत. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले, तर तो पॉलिशने जाण्याच्या पलीकडचा आहे. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा चांगला थर झिजवू नये. नख अडकले नाही, तर तो फिका करता येईल. आणि ओरखडे फक्त उजेड टाकून शोधल्यावरच दिसत असतील, तर त्यांना तसेच राहू देणे हाच पुष्कळदा शहाणपणा ठरतो.

पॉलिश: काढण्याची कला

आपल्याकडे ‘पॉलिश’ हा एकच शब्द दोन उलट गोष्टींसाठी वापरला जातो, आणि निम्मा घोटाळा तेथेच होतो. पॉलिश अथवा रबिंग कंपाऊंडमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे घासणारे कण असतात. ते ओरखड्याच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट करते. म्हणजे ते काही काढते. मेण काही काढत नाही, वर थर देते. पहिल्यात मुद्दल खर्ची पडते, दुसऱ्यात ते राखले जाते. दुकानदाराकडून डबा घेताना तो दोहोंपैकी कोणता, हे आधी विचारावे.

घरी करायचे असल्यास हातानेच करावे आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करावी. प्रथम एखाद्या नजरेआडच्या कोपऱ्यावर वीतभर जागेत लावून पाहावे. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी दोन फूट लांब-रुंद एवढाच भाग घ्यावा. वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब फोमच्या गादीवर घेऊन हलक्या हाताने फिरवावेत, पेस्ट वाळून कडक होण्याआधी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे आणि परिणाम पाहूनच पुढे जावे. सौम्य पॉलिशने ऐंशी टक्के काम झाले, तर उरलेल्या वीस टक्क्यांसाठी कडक पेस्टकडे वळू नये.

यंत्राने करून घ्यायचे असल्यास काही प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एकाच आसाभोवती वेगाने फिरणारे रोटरी यंत्र एका जागी उष्णता साठवते; अननुभवी हातात ते क्षणार्धात थर जाळू शकते. स्वतःभोवती फिरता फिरता झोकेही घेणारे ड्युअल अॅक्शन यंत्र हळू चालते, पण सुरक्षित असते. रंग ओला असताना कडांवरून ओघळून मागे सरतो, त्यामुळे बॉनेटच्या कडा, दरवाजांच्या धारा आणि उंचवटे येथे तो मुळातच पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावून मग यंत्र चालवावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे मीटर ज्याच्याकडे आहे आणि जो काम सुरू करण्यापूर्वी ते लावून पाहतो, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्यावी. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश अजिबात चालत नाही. नव्याने रंगवलेल्या भागावर मेण लावण्यापूर्वी एक ते तीन महिने थांबावे, कारण रंगातील द्रावक पूर्ण उडून जाण्यास तेवढा वेळ लागतो.

आणि एकदा थर गेला की तो पुन्हा तसाच येत नाही, हेही लक्षात असावे. कारखान्यात मोकळ्या सांगाड्यावरचा रंग सुमारे १४० अंश तापमानाच्या भट्टीत भाजला जातो. तयार गाडीत वायर, काचा व प्लास्टिक असल्याने पुन्हा इतके तापवता येत नाही. त्यामुळे गॅरेजमधील उत्तम रंगकामही मूळ रंगाची बरोबरी सहसा करत नाही, आणि जुनी गाडी घेणारा खरेदीदार हल्ली जाडीचे मीटर लावूनच किंमत ठरवतो.

मेण: राखण्याची कला

मेणाचा थर ऊन, क्षार, धूळ यांचा पहिला मारा स्वतःवर घेतो. तो झिजतो, पण पुन्हा लावता येतो. त्याचे मोल हेच. लावण्याची रीत साधी आहे. स्वच्छ व कोरड्या गाडीवर, सावलीत, शक्य तितका पातळ थर द्यावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचा त्रास तेवढा वाढतो. बोट फिरवल्यावर मेण कोरडे पुसले जाऊ लागले की स्वच्छ कापडाने उतरवावे. काळ्या प्लास्टिकवर ते लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. विदर्भाच्या उन्हात नैसर्गिक मेण दीड-दोन महिने टिकले तरी पुष्कळ झाले; कृत्रिम पॉलिमरचे ‘सीलंट’ त्याहून अधिक, साधारण चार-सहा महिने टिकते. पाणी टाकल्यावर थेंब गोल राहून घरंगळत नसतील, तर पुन्हा लावण्याची वेळ झाली असे समजावे.

येथे एक प्रश्न विशेष विचार करण्याजोगा आहे, तो म्हणजे हे मेण कशाचे? ज्या घरात मध वर्ज्य मानला जातो, त्या घरातील मोटारीवर नकळत मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण लावले जात असण्याची शक्यता असते, कारण काही पेस्टमध्ये ते मिसळलेले असते. कामकरी माशा पोटाखालच्या ग्रंथींतून ते स्रवतात आणि त्याचेच घर बांधतात. ते घर वितळवल्याखेरीज हे मेण मिळत नाही. त्याला उत्तम पर्याय वनस्पतीत आहे. ईशान्य ब्राझीलमधील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवर कोरड्या ऋतूत मेणाचा थर साठतो. पाने कापून वाळवतात व झोडपून तो वेगळा करतात. झाड मात्र उभेच राहते. गुणानेही हे मेण सरस आहे. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळते, तर कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. वैशाखात ज्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तेथे हा फरक कामाचा असतो. फक्त डब्यावर ‘शंभर टक्के कार्नौबा’ लिहिले म्हणून भुलू नये. शुद्ध कार्नौबा दगडासारखे कठीण असते. ते पसरता यावे म्हणून त्यात इतर तेले, द्रावके व मेणे मिसळावीच लागतात. ती कोणती, हे कंपनीला पत्र किंवा ई-मेल पाठवून विचारावे. खात्री होत नसेल, तर पूर्णतः कृत्रिम सीलंट घ्यावे.

साधनांच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. गाडी टिपण्यासाठी विकले जाणारे अस्सल ‘शॅमॉय’ हे मेंढीचे कातडे असते आणि ते माशाच्या तेलाने कमावलेले असते. त्याच नावाने कृत्रिम कापडही मिळते. घेताना नीट वाचावे. काही बारीक ब्रश रानडुकराच्या केसांचे असतात, काही पॉलिशिंग पॅड कातड्यासकट मेंढीच्या लोकरीचे. पॉलिएस्टर व नायलॉनच्या सूक्ष्म धाग्यांचे मायक्रोफायबर आणि फोमचे पॅड यांनी ही सारी कामे तितकीच चांगली होतात. ही कापडे वेगळी धुवावीत आणि सावलीत वाळवावीत.

टेफ्लॉन, सिरॅमिक अशा कोटिंगची सध्या चलती आहे. चांगले सिरॅमिक कोटिंग एक-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते आणि धुणे सोपे करते. पण ते चढवण्यापूर्वी बहुधा यंत्राने पॉलिश केले जाते. त्यात किती थर जाणार, हा प्रश्न तेथेही विचारलाच पाहिजे.

हौसेचे आणि भक्तीचे ओरखडे

काही घरगुती उपाय निरुपद्रवी वाटतात, पण तसे नसतात. डिझेल किंवा रॉकेलचे फडके मारल्यास गाडी तासभर चमकते. मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि रबर खराब होते. ओरखड्यावर टूथपेस्ट घासणे म्हणजे अंदाज नसलेले रबिंगच. खोबरेल तेलाची चमकही अशीच दोन दिवसांची असते.

नव्या गाडीची आणि दसरा-दिवाळीची पूजा तर आपण करणारच. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी ती जागा धुतलेली असावी. धुळीवर बोट घासले तर मांगल्याच्या चिन्हाखाली ओरखडे उमटतात. हळद-कुंकू पाण्यात कालवून हलक्या बोटाने लावावे आणि सायंकाळी ओल्या कापडाने टिपून घ्यावे. झेंडूच्या हाराची तार रंगाला लागू देऊ नये. हार दोऱ्यातच ओवलेला असावा.

वर्षाचा ताळेबंद

सारे मिळून हिशेब असा मांडता येतो. कोरडे फडके वर्षभरात कधीही नाही. धुणे गरजेपुरते, सावलीत, थोड्या व गोड्या पाण्याने. मेण वर्षातून चार-पाच वेळा, त्यांतील एकदा चैत्र-वैशाखाच्या उन्हाआधी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. सौम्य पॉलिश दोन वर्षांतून एकदा, तेही उजेडात पाहून गरज वाटली तरच. जोरकस रबिंग मात्र गाडी आपल्याकडे असेपर्यंत एकदाही करावे लागले नाही, तर ती राखणाऱ्याची खरी कमाई.

खामगावच्या त्या जुन्या ताटावरचे नाव पुसट झाले, तरी पुढच्या पिढीच्या ताटात चांदी उरली, कारण ती भरीव होती. मोटारीच्या रंगाजवळ तेवढी पुंजी नाही. त्याला रोज घासून उजळवण्यापेक्षा मळूच न देणे, आणि मळलाच तर अलगद धुणे, हीच त्याची खरी निगा होय.